फर्दापूरच्या तंबूतली शिदोरी

अजिंठ्याचा घाट उतरून जळगावच्या दिशेने निघाले की पायथ्याशी फर्दापूर लागते. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या सोयगाव तालुक्यातले हे गाव. मोगल अमदानीतली एक सराई येथे आहे. तिच्यावरून हा रस्ता किती जुना आणि किती वाहता होता याची कल्पना येते. आज लेणी पाहायला येणारी मंडळी येथे चहा घेतात, गाडी बदलतात आणि पुढे जातात. ख्रिस्तसभेच्या इतिहासात फर्दापूरचे नाव सहसा आढळत नाही. मराठवाड्यातील आपल्या ख्रिस्तसभेचा इतिहास सांगताना आपण गंगापूर-वैजापूरकडच्या गावांची नावे घेतो, नागपूरहून आलेल्या फ्रान्सलियन मिशनऱ्यांचे स्मरण करतो आणि १९७७ साली स्थापन झालेल्या औरंगाबाद धर्मप्रांतापाशी येऊन थांबतो. तरीही प्रेषितकार्य आणि शिष्यत्व यांचा विचार करताना आम्हांला फर्दापूरची वाट धरावीशी वाटते. ती का, हे सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

१८१९ साली अजिंठ्याची लेणी इंग्रजांच्या दृष्टीस पडली आणि त्यानंतर त्यांतील चित्रांच्या नकला करण्याचे प्रयत्न सुरू झाले. मेजर रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून कित्येक वर्षे या कामी घालविली. त्यांच्या बहुतेक नकला लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८६६ च्या आगीत भस्मसात झाल्या. पुढे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात आपल्या विद्यार्थ्यांकडून पुन्हा नकला करवून घेतल्या. त्यांतील पुष्कळशा १८८५ मध्ये लंडनमध्येच आगीच्या भक्ष्यस्थानी पडल्या. दोन पिढ्यांचे श्रम दोन आगींत गेले. पण आम्हांला त्याहून अधिक चटका लावणारी गोष्ट दुसरीच आहे. चित्रे स्पष्ट दिसावीत म्हणून या नकलाकारांनी भिंतींवरच्या मूळ चित्रांना व्हार्निश फासले. तेवढ्यापुरती चित्रे उजळली, नक्कल सोपी झाली. कालांतराने तेच व्हार्निश पिवळे पडले, काळवंडले आणि मूळ रंगांवर कायमचे किटण बसले. त्यांचा हेतू वाईट नव्हता. त्यांना घाई होती, आणि समोरच्या चित्राला आपल्या सोयीने दिसायला लावण्याचा आपल्याला अधिकार आहे, असा त्यांचा समज होता. मिशनकार्याचा इतिहास वाचताना हे व्हार्निश आम्हांला अनेकदा आठवते.

१९०९-१० च्या आणि पुन्हा १९१०-११ च्या हिवाळ्यात फर्दापूरला तंबू पडले. इंग्लंडमधल्या लेडी ख्रिस्तियाना हेरिंगहॅम या चित्रकर्तीने तेथे मुक्काम केला होता. जुन्या इटालियन भित्तिचित्रांच्या तंत्राचा तिचा अभ्यास होता; चेन्निनो चेन्निनी या चित्रकाराच्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतरही तिने केले होते. तिच्या मदतीला कलकत्त्याहून अवनींद्रनाथ ठाकूर यांचे तरुण शिष्य आले. नंदलाल बोस, असितकुमार हलदार, समरेंद्रनाथ गुप्त आणि व्यंकटप्पा ही त्यांची नावे. निजामाच्या राज्यातून सय्यद अहमद आणि मुहम्मद फजलुद्दीन हे दोन चित्रकार आले. ख्रिस्ती, हिंदू आणि मुसलमान अशी ही मंडळी एका बौद्ध तीर्थाच्या सेवेला जमली होती. (फर्दापूरच्या ओसाड माळावर कोणीही न ठरविता भरलेली ही सर्वधर्मसभाच होती, असे म्हटले तर वावगे होणार नाही!)

काम कसे चाले? फर्दापूरहून वाघोरा नदीच्या काठी लेण्यांपर्यंत जायचे. अंधाऱ्या दालनांत, वटवाघळांच्या वासात, भिंतीपुढे बसायचे. आधी खाका उतरवायचा, मग रेषा, मग रंग. नकलेच्या कामात स्वतःची प्रतिभा दाखवायला जागा नसते. जिथे रंगाचा पोपडा गळला आहे, तिथे आपल्या मनाने हात किंवा डोळा भरायचा मोह आवरावा लागतो. ज्याने ती मूळ रेषा ओढली त्याचे नावही ठाऊक नसते, आणि तरी त्याच्या मनगटाच्या वळणाला आपले मनगट शरण न्यावे लागते. शिष्यत्व म्हणतात ते हेच. नंदलाल बोस हे पुढे भारताचे थोर चित्रकार झाले, शांतिनिकेतनच्या कलाभवनाचे प्रमुख झाले. त्यांच्या रेषेत अजिंठा उतरला आहे, असे जाणकार मानतात. ती रेषा त्यांनी फर्दापूरच्या मुक्कामात मिळविली होती.

आता वाचकहो, त्या तंबूतली शिदोरी आपल्या दारापर्यंत कशी आली ते पाहू. गोव्यात सांत इस्तेव्ह येथे १९०२ साली एका कॅथलिक कुटुंबात आंजेलो द फोन्सेका यांचा जन्म झाला. वैद्यकीचे शिक्षण अर्ध्यावर सोडून ते चित्रकलेकडे वळले. मुंबईच्या जे. जे. मध्ये जे पाश्चात्त्य वळणाचे शिक्षण मिळत होते, त्यात त्यांचे मन रमले नाही. ते बंगालात गेले आणि अवनींद्रनाथ व नंदलाल बोस यांच्या हाताखाली शिकले. फर्दापूरला भिंतीपुढे बसून जो शिष्य झाला, त्याच्यापुढे आता हा गोंयकार तरुण शिष्य होऊन बसला.

१९३० च्या दशकाच्या आरंभी फोन्सेका गोव्यास परतले आणि त्यांनी पवित्र मरिया चितारली. ती सावळी होती. ती साडी नेसलेली होती. तिच्या मांडीवरचे बाळ आपल्या कोणाही घरातल्या बाळासारखे होते. गोव्यातील धार्मिक वर्तुळात या चित्रांवर टीकेचा भडिमार झाला. पोर्तुगीज अमदानीतल्या त्या समाजाला ही आपली देवमाता ओळखू येईना.

त्या टीकाकारांना आज मूर्ख ठरविणे सोपे आहे. आम्ही ते करणार नाही. चार शतके ज्या चेहऱ्यापुढे गुडघे टेकले, ज्याच्यापुढे आजीने मेणबत्ती लावली, मरणाऱ्या माणसाने ज्याच्याकडे पाहून डोळे मिटले, तो गोरा, निळ्या डोळ्यांचा चेहरा त्या माणसांसाठी परका राहिलेलाच नव्हता. तो त्यांच्या श्रद्धेचा भाग झाला होता. परंतु दुसरीही बाजू आहे. आपल्या शेजारणीसारखी दिसणारी बाई देवाची आई असू शकेल, ही कल्पनाच जर आपल्याला सहन होत नसेल, तर शब्द देही झाला या आपल्या श्रद्धेचा अर्थ आपल्याला कितपत उमगला आहे? नासरेथची मरिया लिस्बनची नव्हती. पाणी भरणारी, दळणकांडण करणारी, आशिया खंडातल्या एका खेड्यातली ती स्त्री होती. व्हार्निशाचा थर कोणत्या चित्रावर बसला होता, हे ज्याचे त्याने ठरवावे.

फोन्सेका यांनी गोवा सोडला. ख्रिस्तसभा मात्र सोडली नाही. हा भेद आम्हांला महत्त्वाचा वाटतो. ते पुण्यास शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात येऊन राहिले. हा संघ जॅक विन्स्लो या अँग्लिकन धर्मगुरूंनी १९२२ साली अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे स्थापन केला होता व तो पुढे पुण्यास आला. विन्स्लो यांनीच रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे इंग्रजी चरित्र लिहिले, ते १९२३ साली प्रसिद्ध झाले. टिळकांनी अभंगातून आणि भजनातून जे साधले, ते फोन्सेका रंगरेषांतून साधू पाहत होते, असे आम्हांला वाटते. एका कॅथलिक चित्रकाराने अँग्लिकन आश्रमात बिऱ्हाड करणे ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. ख्रिस्ती ऐक्याचे वारे वाहू लागण्यास अजून तीसेक वर्षे होती. आपल्या सभेतही त्यांची कदर करणारे होते. मुंबईच्या सेंट झेवियर कॉलेजातले येशूसंघीय इतिहासकार फादर हेन्री हेरास यांनी भारतीय वळणाच्या ख्रिस्ती कलेला हिरिरीने पाठिंबा दिला आणि फोन्सेका यांची चित्रे आपल्या संस्थेत जतन केली.

फोन्सेका धर्मगुरू नव्हते, व्रतस्थ नव्हते, उपदेशकही नव्हते. संसारी माणूस होते. १९५१ साली त्यांचा विवाह झाला, मुलगी झाली. त्यांनी वर्षानुवर्षे केले ते एवढेच, की रोज उठून कागदापुढे बसले आणि जलरंगात येशू, मरिया आणि संत आपल्या मातीतले करून चितारले. संत पौल करिंथमध्ये अक्विला व प्रिस्किल्ला यांच्याकडे राहून तंबू शिवत असे, हे प्रेषितांच्या कृत्यांत नोंदलेले आहे. त्या तंबूंचे कापड आणि पौलाचे प्रेषितकार्य वेगळे काढता येत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६३ साली उपासनाविषयक घटनेत सांगितले की, ख्रिस्तसभेने कोणतीही एक कलाशैली आपली म्हणून मानलेली नाही. १९६५ साली प्रापंचिकांच्या प्रेषितकार्यावर स्वतंत्र आदेश काढून त्याच परिषदेने ते कार्य रोजच्या व्यवसायात आणि कुटुंबात रुजविले. पोप फ्रान्सिस यांनी २०१३ साली स्नानसंस्कार झालेल्या प्रत्येकाला प्रेषित-शिष्य म्हटले. फोन्सेका यांना या दस्तऐवजांची वाट पाहावी लागली नव्हती. पहिला दस्तऐवज निघाला तेव्हा त्यांच्या आयुष्याची अवघी चार वर्षे उरली होती.

आपल्या घरांकडे पाहिले म्हणजे मात्र परिषदेला साठ वर्षे होऊन गेली यावर विश्वास बसत नाही. मिस्साला नऊवारी नेसून येणाऱ्या आज्या आपल्या धर्मग्रामांत अजून आहेत. त्यांच्या घरच्या वेदीवरची मरिया मात्र बहुधा युरोपातलीच असते. आम्ही ती उतरवा असे म्हणत नाही. तिच्याशेजारी दुसरी लावायला आपला हात का अडतो, एवढे घरातल्या मुलांनी विचारले तर आपण काय उत्तर देणार, हा प्रश्न आहे. मुले असे प्रश्न विचारतात.

आंजेलो द फोन्सेका यांचे १९६७ साली पुण्यात निधन झाले. तेव्हा त्यांचे नाव फार थोड्यांना ठाऊक होते. चित्रे घरात होती. त्यांच्या पत्नी आयव्ही यांनी तो ठेवा सांभाळला. ज्या चित्रांना मागणी नाही, ती कसर, ओल आणि विस्मृती यांपासून वर्षानुवर्षे जपणे हे किती कष्टाचे काम आहे, हे घर चालविणाऱ्या कोणत्याही बाईला सांगावे लागणार नाही. २००६ साली त्यांनी तो संग्रह पर्वरी येथील येशूसंघीयांच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्राच्या स्वाधीन केला. पर्वरी गोव्यात आहे. साडी नेसलेली मरिया अशी पुन्हा गोव्यास गेली.