रॉयल एअर फोर्समधील ग्राउंड क्रूच्या मृत्यूंचे संशोधन

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्समध्ये विमानांची दुरुस्ती करणारे, इंधन व बॉम्ब भरणारे, वाहने चालवणारे आणि तळाची अन्य कामे करणारे स्त्री-पुरुष 'ग्राउंड क्रू' या नावाने ओळखले जात. त्यांच्यापैकी मरण पावलेल्यांचा शोध घेणे वैमानिकांच्या तुलनेत कठीण जाते. हवाई दलाच्या बऱ्याच नोंदी विमान व उड्डाण यांभोवती रचलेल्या असून, जमिनीवर आलेले मरण त्यांत सहज सापडत नाही, हे त्याचे मुख्य कारण होय.

मृत्यूची कारणे

शत्रूचे हवाई हल्ले, फिरत्या पंख्याचा आघात, दारूगोळ्याचे स्फोट, आग, रस्ते-अपघात आणि आजार ही प्रमुख कारणे होती. ३० ऑगस्ट १९४० रोजी बिगिन हिल तळावरील हल्ल्यात ३९ जण ठार झाले. २७ नोव्हेंबर १९४४ रोजी फॉल्ड येथील भूमिगत दारूगोळा कोठाराच्या स्फोटात सुमारे ७० जण दगावले. त्यांत नागरिक कामगार व इटालियन युद्धकैदीही होते. १७ जून १९४० रोजी फ्रान्समधील सां-नाझेरजवळ बुडालेल्या 'लँकास्ट्रिया' जहाजावर हवाई दलाचे अनेक कर्मचारी होते. ती बातमी ब्रिटिश सरकारने काही आठवडे दडपून ठेवली होती.

साधने

राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या नोंदीत नाव, हुद्दा, मृत्यूदिनांक व समाधिस्थान मिळते. मृत्यूचे कारण सहसा मिळत नाही. ते मृत्यूच्या दाखल्यावरून, तसेच चौकशी झाली असल्यास स्थानिक वृत्तपत्रांतील वृत्तांतावरून कळू शकते. लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात स्क्वाड्रनच्या दैनंदिनी 'एआयआर २७' व तळांच्या दैनंदिनी 'एआयआर २८' या मालिकांत आहेत. स्क्वाड्रनच्या दैनंदिनीत उड्डाण करणाऱ्यांची नावे असतात. म्हणून ग्राउंड क्रूसाठी तळाची दैनंदिनी आधी पाहणे इष्ट ठरते. 'एआयआर ८१' मालिकेतील जीवितहानीच्या संचिकांत जमिनीवरील काही घटनांचाही समावेश आहे.

हुद्द्याविषयी दक्षता

१९४० च्या मध्यापासून प्रशिक्षित उड्डाण कर्मचाऱ्यास किमान सार्जंटचा हुद्दा मिळू लागला. त्यामुळे त्यानंतरचा 'एअरक्राफ्टमन' बहुधा ग्राउंड क्रूपैकी असतो. मात्र उड्डाणाचे प्रशिक्षण घेणारेही 'लीडिंग एअरक्राफ्टमन' असत. केवळ हुद्द्यावरून निष्कर्ष काढणे योग्य नव्हे. याउलट, ग्राउंड क्रूपैकी काही जण चाचणी उड्डाणात सोबत गेले असता मरण पावले.

स्मारके

समाधी ज्ञात नसलेल्यांपैकी ब्रिटन तसेच उत्तर व पश्चिम युरोपातील तळांवरून कार्यरत असलेल्यांची नावे १९५३ मध्ये अनावरण झालेल्या रनीमीड स्मारकावर, तर दक्षिण व पूर्व आशियातील हवाई सैनिकांची नावे सिंगापूर स्मारकावर कोरलेली आहेत. पुण्यातील खडकी युद्धस्मशानातही हवाई दलातील व्यक्तींच्या समाधी आहेत. लिंकन येथील आंतरराष्ट्रीय बॉम्बर कमांड केंद्राच्या सुमारे ५८,००० मृतांच्या सूचीत वैमानिकांबरोबर ग्राउंड क्रूचीही नावे समाविष्ट आहेत.