काटा दाखवतो, पण हाक मारत नाही

विमानाच्या इंजिनाचे तापमान, तेलाचा दाब, फेऱ्यांचा वेग ही मापे वैमानिकासमोरच्या तबकड्यांवर दिसतात. तबकडीवर हिरवे, पिवळे, लाल पट्टे असतात. काटा लाल रेघेला टेकला की मर्यादा संपली. पण तो टेकल्याचे कोणीतरी पाहायला हवे. मोठ्या विमानांत पूर्वी हे काम फ्लाइट इंजिनिअरकडे असे. १९८२ साली सेवेत आलेले बोइंग ७६७ दोघेच वैमानिक चालवू लागले, तेव्हा ही पाळत संगणकाकडे गेली. बिघाड होताच पडद्यावर मजकूर झळकतो : तातडीचा असल्यास तांबडा, सावधगिरीचा असल्यास पिवळसर. तातडीच्या वेळी घंटीही वाजते.

सगळ्याच मापांना असा पहारेकरी मिळाला नव्हता. ८ जानेवारी १९८९ रोजी लंडनहून बेलफास्टला निघालेल्या ब्रिटिश मिडलँडच्या बोइंग ७३७-४०० विमानात, चढत असतानाच डाव्या इंजिनाच्या पंख्याचे पाते तुटले. विमान थरथरू लागले, कॉकपिटमध्ये धूर आला. डावीकडचा कंपनमापक कमाल अंक दाखवत होता. वैमानिकांनी मात्र उजवे, म्हणजे धडधाकट इंजिन बंद केले!

असे का व्हावे? कंपनमापकाची तबकडी लहान होती. तिच्या कडेबाहेर एक प्रकाशठिपका सरके; दिवा नाही, घंटी नाही. शिवाय जुन्या विमानांतले कंपनमापक बेभरवशाचे म्हणून वैमानिक तिकडे फारसे पाहत नसत. नवा मापक चांगला होता, पण जुन्याची बदनामी त्याला चिकटली. आमच्या मते प्रयोगशाळेतल्या उपकरणांविषयी बोलताना वर्गात हे जरूर सांगावे.

त्यात योगायोगाची भर पडली. उजवे इंजिन बंद करताना स्वयंचलित थ्रॉटल सुटले, डाव्या इंजिनाचे इंधन कमी झाले आणि थरथर व धूर दोन्ही ओसरले. निर्णय बरोबर ठरल्यासारखे वाटले. डावीकडच्या खिडक्यांतून ज्वाला पाहिलेल्या प्रवाशांनी उजवे इंजिन बंद केल्याची घोषणा ऐकली, पण ही विसंगती कॉकपिटपर्यंत पोहोचली नाही. ईस्ट मिडलँड्सच्या धावपट्टीकडे उतरताना जोर वाढवताच डावे इंजिन निकामी झाले. विमान केगवर्थजवळ महामार्गाच्या भरावावर कोसळले. १२६ जणांपैकी ४७ दगावले.

चौकशी अहवाल १९९० साली निघाला. कंपन कमाल अंकावर जाताच वैमानिकाचे लक्ष वेधणारी सोय या विमानांत करावी, अशी शिफारस त्यात होती. वैमानिक आणि हवाई सेवक यांना एकत्र सराव द्यावा, असेही त्यात सुचवले होते.