बालसंगोपनाची शंभर वर्षे : सेवेकडून व्यवसायाकडे

लहान मुलांना सांभाळण्याचे काम घरोघरी परंपरेने चालत आलेले आहे. आई, आजी, आत्या, थोरली बहीण यांनी ते केले आणि त्याचा हिशेब कोणी मांडला नाही. परंतु हे काम रीतसर शिकावे, त्याचे शास्त्र असावे आणि एखाद्या स्त्रीने त्यावर सन्मानाने आपला चरितार्थ चालवावा, ही कल्पना आपल्याकडे जेमतेम शंभर वर्षांची आहे. आज बालशिक्षण आणि कुटुंबसेवा या क्षेत्रांकडे अनेक सुशिक्षित मुली वळत आहेत. त्यांना ही वाट कोणी व कोणत्या मोलाने घालून दिली, हे समजून घेणे उपयुक्त ठरेल.

पूर्वपीठिका

बावधनहून चांदणी चौक ओलांडून कोथरूडमार्गे पुढे गेले की कर्वेनगर लागते. हेच पूर्वीचे हिंगणे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली स्थापन केलेला अनाथ बालिकाश्रम १९०० साली येथे आला. १९०९ साली रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली पुण्यात सेवासदनाचे कार्य सुरू झाले आणि तेथून शिक्षिका व परिचारिका तयार होऊ लागल्या. जैन समाजातही याच काळात दानवीर सेठ माणिकचंद झवेरी यांच्या कन्या मगनबाई यांनी मुंबईत श्राविकाश्रम चालविला. पुढे सोलापूरची श्राविका संस्था पंडिता सुमतीबाई शहा यांच्या कार्यामुळे नावारूपास आली. या सर्व संस्थांमागे एक समान अनुभव होता. अकाली वैधव्य आलेल्या मुलीला केवळ आश्रय देऊन भागत नाही, तिच्या हाताला विद्या आणि विद्येला काम मिळावे लागते. शिक्षिकेचा पेशा हे असे पहिले प्रतिष्ठित काम ठरले. मात्र तो पेशा प्राथमिक शाळेपासून सुरू होत असे. त्याहून लहान मुलांचा विचार अद्याप व्हायचा होता.

भावनगर ते दादर

तो विचार सौराष्ट्रात रुजला. गिजुभाई बधेका हे व्यवसायाने वकील. इटलीतील डॉ. मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोममधील गरीब वस्तीत सुरू केलेल्या बालगृहाचे विचार त्यांच्या वाचनात आले. त्यांनी वकिली सोडली, १९१६ साली भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत प्रवेश केला आणि १९२० साली तेथे बालमंदिर सुरू केले. गुजराती समाज त्यांना प्रेमाने ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशा असलेली आई, म्हणत असे. बालकांना शिकविण्याचे काम केवळ स्त्रियांचे नाही, हे त्यांनी स्वतःच्या उदाहरणाने दाखविले.

१९२३ साली ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या. १८९२ साली मुंबईत जन्मलेल्या ताराबाई १९१४ साली पदवीधर झाल्या होत्या. राजकोटच्या महिला प्रशिक्षण महाविद्यालयाचे प्राचार्यपद सोडून त्या भावनगरला गेल्या. प्राचार्यपदावरील पदवीधर स्त्रीने तीन-चार वर्षांच्या मुलांसोबत जमिनीवर बसून काम करणे, हे त्या काळी अनेकांना आकलन न होणारे होते. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली. ‘शिक्षणपत्रिका’ या मासिकातून हे विचार गुजरातीप्रमाणेच मराठी घरांतही पोहोचू लागले. १९३६ साली ताराबाईंनी दादर येथे शिशुविहार सुरू केले आणि त्याला बालशिक्षिका घडविणाऱ्या अध्यापन मंदिराची जोड दिली. मुले सांभाळण्याच्या कामाला अशा रीतीने महाराष्ट्रात अभ्यासक्रम आणि प्रशिक्षण लाभले.

बोर्डी आणि कोसबाड

शहरातील बालमंदिर सुस्थित घरांतील मुलांपुरते राहत आहे, ही खंत ताराबाईंना होती. १९४५ साली त्यांनी ठाणे जिल्ह्यातील (आता पालघर जिल्हा) बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र उघडले. या कार्यात त्यांना ज्या सहकारी लाभल्या, त्या अनुताई वाघ मूळच्या पुणे जिल्ह्यातील मोरगावच्या. जन्म १९१० चा. तेराव्या वर्षी विवाह आणि सहा महिन्यांतच वैधव्य. परंतु त्यांनी शिक्षण सोडले नाही. प्राथमिक शिक्षिकेचे प्रशिक्षण घेऊन त्यांनी नाशिक जिल्ह्यातील चांदवड येथे आणि त्यानंतर पुण्याच्या हुजूरपागेत अध्यापन केले. रात्रशाळेत शिकून त्या मॅट्रिक झाल्या. १९४५ साली बोरिवली येथील कस्तुरबा ट्रस्टच्या शिबिरात त्यांची ताराबाईंशी भेट झाली आणि त्या बोर्डीला गेल्या. अंगावर सर्व कामाचा भार असतानाही १९६१ साली, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, त्यांनी पदवी संपादन केली.

बोर्डीत पहिला प्रश्न खर्चाचा होता. माँटेसरी पद्धतीची साधने महाग, ती खेड्याला परवडणारी नव्हती. या दोघींनी शिंपले, बिया, दगड, पाने, माती यांतूनच साधने तयार केली. वर्ण, आकार, मोजणी यांचे पाठ त्यावर होऊ लागले. दुसरा प्रश्न उपस्थितीचा. गरीब वस्तीतील मुले बालवाडीत येत नसत. तेव्हा शिक्षिकाच वस्तीत जाऊन अंगणात मुले जमवू लागल्या. मुलांना आंघोळ घालणे, नखे कापणे, खाऊ देणे, गाणी व गोष्टी असा क्रम तेथे चाले. अंगणात भरणारी ही वाडी म्हणजेच ‘अंगणवाडी’. पुढे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र जोडणारी ‘विकासवाडी’ ही संकल्पनाही येथेच आकारास आली. धाकट्या भावंडाला पाळणाघरात ठेवता आले म्हणून थोरली मुलगी शाळेत बसू शकली. बालशिक्षण आणि कुटुंबसेवा या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत, हे कोसबाडने दाखवून दिले.

ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण हा सन्मान लाभला. १९७३ साली त्यांचे निधन झाले. अनुताईंनी कार्य पुढे चालविले आणि १९८५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. १९८२ साली रमेश पानसे यांच्यासमवेत त्यांनी ग्राममंगल ही संस्था स्थापन केली. १९९२ साली त्यांचेही देहावसान झाले.

मानधनाचा प्रश्न

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातील ३३ प्रकल्पांत सुरू केली. महाराष्ट्रात मुंबईतील धारावी आणि अमरावती जिल्ह्यातील धारणी ही त्यातील ठिकाणे होत. ‘अंगणवाडी’ हे नाव देशभर गेले. लक्षावधी स्त्रियांना घराजवळ काम मिळाले. पोषण आहार, लसीकरणास साहाय्य, गरोदर मातांची विचारपूस आणि शालापूर्व शिक्षण अशी कामे सेविकेकडे आली.

परंतु या आनंदवार्तेला दुसरी बाजूही आहे. आरंभी मॅट्रिक झालेल्या सेविकेस दरमहा १५० रुपये आणि मॅट्रिक नसलेल्या सेविकेस १०० रुपये मिळत. ही रक्कम वेतन म्हणून नव्हे, तर ‘मानधन’ म्हणून दिली जाई. शब्द आदराचा, परंतु त्यामुळे काम स्वयंसेवा ठरले आणि वेतनश्रेणी, निवृत्तिवेतन, बढती यांचे हक्क दूर राहिले. केंद्राचे मानधन ऑक्टोबर २०१८ पासून ३,००० वरून ४,५०० रुपये झाले. राज्ये आपली भर घालतात. २०२२ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका व मदतनीस यांना उपदान कायद्याचा लाभ मिळावा असा निर्णय दिला. तरीही डिसेंबर २०२३ पासून महाराष्ट्रातील सेविकांना पन्नासहून अधिक दिवस संप करावा लागला. ज्या कामाचा पाया त्यागावर रचला गेला, त्या कामाचा मोबदला देण्याचा विषय समाजाने त्यागाच्याच खात्यावर टाकून दिला, असेच म्हणावे लागते. ताराबाई आणि अनुताई यांचा त्याग स्वेच्छेचा होता. तो पुढील प्रत्येक शिक्षिकेवर सक्तीचा करणे न्याय्य नव्हे.

कुटुंबसेवेच्या अन्य वाटा

बालशिक्षणासोबत कुटुंबसेवेचे शिक्षणही रीतसर मिळू लागले. १९३६ साली मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेची आणि १९६३ साली पुण्यात कर्वे समाजसेवा संस्थेची स्थापना झाली. १९६९ साली मीरा महादेवन यांनी दिल्लीत बांधकाम मजुरांच्या मुलांसाठी फिरती पाळणाघरे सुरू केली. हे कार्य पुढे मुंबई व पुण्यातही आले. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याने विवाह समुपदेशकाचे पद निर्माण केले. २०१७ च्या प्रसूती लाभ सुधारणा कायद्यानुसार पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय आवश्यक झाली.

आज या क्षेत्रात बालवर्गाची शिक्षिका, पाळणाघर चालिका, समुपदेशक, विशेष मुलांची शिक्षिका, अंगणवाडी सेविका व पर्यवेक्षिका आणि लोकसेवा आयोगामार्फत निवडले जाणारे बालविकास प्रकल्प अधिकारी अशा अनेक पायऱ्या आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन वर्षांपासूनचे शिक्षण शालेय रचनेत आणले. बारावी झालेल्या सेविकेसाठी सहा महिन्यांचा, तर त्याहून कमी शिक्षण असलेल्या सेविकेसाठी एक वर्षाचा अभ्यासक्रम त्यात सुचविला आहे.

बावधनच्या संदर्भात

मुळशी तालुक्यातील शेतीचे गाव असलेले बावधन महामार्ग आणि हिंजवडीच्या संगणक उद्योगामुळे निवासी उपनगर झाले. २०२१ साली बावधन बुद्रुक पुणे महापालिकेत आले. दोघेही नोकरीस जाणारी तरुण जोडपी येथे आहेत आणि आजी-आजोबा अनेकदा दूरच्या गावी असतात. त्याच इमारती उभारणाऱ्या मजुरांची मुलेही येथेच आहेत. २००९ चा शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयोगटापुरता असल्याने त्याखालील वर्गांच्या दर्जाचे उत्तरदायित्व प्रामुख्याने चालकांवर आणि पालकांवर येते.

म्हणून या क्षेत्रात येऊ इच्छिणाऱ्या मुलीने, तिच्या कुटुंबाने आणि बालवर्ग चालविणाऱ्या प्रत्येक संस्थेने दोन गोष्टी तपासाव्यात. प्रशिक्षण मान्यताप्राप्त व प्रत्यक्ष मुलांसोबतच्या सरावाचे आहे काय? आणि शिक्षिकेला नियुक्तिपत्र, ठरलेले वेतन, भविष्य निर्वाह निधी मिळतो काय? आपल्या समाजात मंदिर, धर्मशाळा, पाठशाळा यांसाठी दान देण्याची परंपरा उज्ज्वल आहे. बालवर्गासाठी जागा, खेळणी, रंगरंगोटी यांनाही देणगी सहज मिळते. त्याच देणगीचा एक भाग शिक्षिकेच्या वेतनासाठी राखून ठेवल्यास ते दान अनेक वर्षे फळेल. कोसबाडच्या टेकडीवर साधने शिंपल्यांची होती; परंतु शिक्षिका मात्र उत्तम प्रशिक्षण घेतलेल्या होत्या. या इतिहासातून घ्यावयाचा बोध तोच होय.