बर्फावरचीं पावलें

कोंकणांत चिखलणीच्या दिवसांत भातखाचरांतून जो कुणी दहा पावलें चालला असेल, त्याला खोल बर्फाची थोडीशी कल्पना येईल. एक पाय रुततो. तो उपसावा तों दुसरा गुडघ्यापर्यंत आंत जातो. आतां हीच अवस्था चार फूट बर्फांत, पाठीवर ओझें, हातांत बंदूक आणि मागें शत्रु अशी कल्पावी, म्हणजे पायांतल्या जोड्याचा हा विषय वरवर दिसतो तितका क्षुल्लक नाहीं हें ध्यानांत येईल.

युक्ति फार जुनी आहे. ख्रिस्तपूर्व ४०१ च्या हिवाळ्यांत आर्मीनियाच्या डोंगरांतून ग्रीक फौज मायदेशीं परतत होती. तिच्या सेनानींपैकीं झेनोफन यानें लिहून ठेवलें आहे कीं, तेथील एका गांवच्या प्रमुखानें घोड्यांच्या पायांना लहान पिशव्या बांधावयास शिकविलें. एरवीं तीं जनावरें पोटापर्यंत रुतत. स्ट्रेबो हा भूगोलकार कॉकेशसच्या लोकांविषयीं सांगतो कीं, ते बैलाच्या कच्च्या कातड्याचे, डफासारखे रुंद आणि खालीं काटे असलेले जोडे घालीत. मऊ बर्फांत रुतूं नये म्हणून रुंदी, आणि टणक बर्फावर घसरूं नये म्हणून काटे. दोन्हीं संकटांची तजवीज एकाच जोड्यांत! त्या अनामिक डोंगरी कारागिराचें मला मोठें कौतुक वाटतें.

परंतु हिमपादुकांवर सैनिकांचें जीवितच अवलंबून असल्याचीं ठळक उदाहरणें पाहावयाचीं तर उत्तर अमेरिकेंत जावें लागतें. तेथील आदिवासींनीं ही वस्तु पूर्णत्वास नेली. अ‍ॅश झाडाचें लाकूड वाफेवर वांकवून त्याची लांबट चौकट करावयाची, आणि आपण बाज विणतों तशी ती हरणाच्या कच्च्या कातड्याच्या वाद्यांनीं विणावयाची. विणीमुळें वजन हलकें राहतें, आणि वर सांचणारा भुसभुशीत बर्फ खालीं गळून जातो. बांधणी अशी कीं, बोटें जखडलेलीं पण टांच मोकळी. चालतांना टांच उचलते आणि पादुकेचें शेपूट मागें घसटत येतें. मनुष्याचा भार अनेक पट जागेवर पसरल्यामुळें तो वरचेवर तरंगल्यासारखा चालतो. फ्रेंच लोकांनीं हिला ‘राकेत’ हें चेंडूफळीच्या खेळांतील नांव दिलें, आणि नवशिक्याच्या पोटऱ्यांना जो भयंकर ठणका लागतो त्यालाहि एक स्वतंत्र नांव दिलें. गोठलेल्या सरोवरांवर मात्र पादुका निरुपयोगी; तेथें तळव्याखालीं पट्ट्यानें बांधावयाचे लोखंडी काटे लागत. त्या भागांतील जुन्या किल्ल्यांच्या उत्खननांत ते सांपडले आहेत.

२९ फेब्रुवारी १७०४ च्या पहांटे मॅसॅच्युसेट्समधील डीअरफील्ड या खेड्यावर कॅनडांतून आलेल्या फ्रेंच व आदिवासी टोळीनें छापा घातला. वाऱ्यानें उडालेला बर्फ लाकडी तटाला लागून इतका सांचला होता कीं, छापेकरी त्यावरूनच चढून आंत उतरले. शंभराहून अधिक स्त्रीपुरुष व मुलें त्यांनीं धरून नेलीं. मदतीस आलेल्या शेजाऱ्यांजवळ हिमपादुका नव्हत्या. लांबवर पाठलाग होऊं शकला नाहीं. त्यानंतर वसाहतीच्या सरकारनें सरहद्दीवरील शिपायांकरितां ५०० जोड हिमपादुका करविण्याचा हुकूम काढला. तहान लागल्यावर विहीर खणण्याची ही रीत सरकारांना सर्वत्र सारखीच प्रिय दिसते.

पुढें अर्ध्या शतकानें इंग्रजांच्या बाजूस रॉबर्ट रॉजर्स हा सरदार पुढें आला. त्याचे ‘रेंजर’ शिपाई आदिवासींची विद्या शिकलेले होते. २१ जानेवारी १७५७ रोजीं फ्रेंचांच्या कॅरियों किल्ल्याजवळ त्याच्या ७४ माणसांना शत्रूनें गांठलें. रॉजर्स दोनदां जखमी झाला, कांहीं माणसें पडलीं. पण फ्रेंच शिपायांच्या पायांत हिमपादुका नसल्यानें ते गुडघा गुडघा बर्फांत धडपडत राहिले, आणि अंधार पडतांच रॉजर्सची उरलेली तुकडी निसटली.

वर्षानें त्याच मुलखांत उलटा फांसा पडला. रॉजर्सला ४०० माणसांची अपेक्षा होती. मिळालीं सुमारें १८०. १३ मार्च १७५८ रोजीं जमिनीवर चार फूट बर्फ होता. अशा बर्फांत शत्रु गोठलेल्या ओढ्यावरूनच येईल हा त्याचा तर्क खरा ठरला. सुमारें शंभरांची टोळी आली, तिच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, ती पळाली, आणि रेंजर तिच्या पाठीस लागले. पण ती टोळी म्हणजे केवळ आघाडी होती! मागून मोठें सैन्य आलें. त्यांत कॅनडाचे रहिवासी आणि आदिवासी, म्हणजे बर्फावरच लहानाचे मोठे झालेले लोक. पादुकांनीं मिळणारा वरचढपणा आतां उरला नाहीं. रॉजर्सचीं सुमारें सव्वाशें माणसें गारद झालीं.

त्या दिवशींच्या दोन माणसांची हकीकत मला रॉजर्सच्या पराक्रमांपेक्षां अधिक चटका लावून जाते. कॅप्टन प्रिंगल आणि लेफ्टनंट रोश हे पलटणींतले इंग्रज अंमलदार हौसेनें या मोहिमेंत आले होते. दोघांनाहि हिमपादुकांचा सराव बेताचाच होता. माघार सुरू झाली तेव्हां त्यांना इतरांच्या चालीनें जातां येईना. रॉजर्सचा एक नोकर वाटाड्या म्हणून त्यांच्याबरोबर राहिला; त्याला वाट ठाऊक नव्हती, आणि पुढें त्याचें चित्तहि ठिकाणीं राहिलें नाहीं. जवळ शिधा म्हणजे मांसाची एक लहानशी वळी आणि थोडें आलें. तें संपल्यावर झुडपांचीं फळें व साल. वाटाड्या मेला. गोठून मरूं नये म्हणून दोघे रात्रभर झाडाभोंवतीं फेऱ्या घालीत राहिले. एक आठवडा भटकून २० मार्च रोजीं ते पोंचले कोठें, तर शत्रूच्याच किल्ल्यासमोर! फ्रेंच अंमलदार धांवत पुढें आले म्हणून त्यांचे प्राण वांचले. कैदेंतून प्रिंगलनें लिहिलेल्या पत्रामुळेंच ही सर्व हकीकत आपणांस कळते.

रॉजर्स मात्र निसटला. लोक सांगतात कीं, सरोवरावर उतरणाऱ्या एका प्रचंड कड्याच्या टोंकाशीं येऊन त्यानें पादुका पायांतल्या पायांत उलट्या फिरविल्या आणि त्याच मागानें परतून तो दुसऱ्या वाटेनें खालीं उतरला. पाठलाग करणाऱ्यांना वाटलें, हा शेंकडों फूट घसरत खालीं गेला. त्याच्या स्वतःच्या रोजनिशींत या करामतीचा एक शब्दहि नाहीं. आणि रॉजर्स कांहीं स्वतःचे पराक्रम लपवून ठेवणारा गृहस्थ नव्हता. कड्याला मात्र अजून त्याचेंच नांव आहे.