दुगाडची लढाई आणि कलकत्त्याचं पदक

लष्करी पदक म्हटलं की डोळ्यांसमोर महायुद्धातलं, रिबिनीला लटकणारं पदक येतं. आज आपण त्याच्याही बरंच मागे जाऊ. ईस्ट इंडिया कंपनीने एखाद्या मोहिमेसाठी दिलेलं पहिलं पदक म्हणजे 'दख्खन पदक'. ते ज्या युद्धासाठी दिलं, त्यातली एक मोठी लढाई आपल्या ठाणे जिल्ह्यात झाली. भिवंडीहून वज्रेश्वरीला जाताना दुगाड फाटा लागतो ना, तेच दुगाड.

युद्ध होतं पहिलं इंग्रज-मराठा युद्ध. डिसेंबर १७७४ मध्ये मुंबईकर इंग्रजांनी मराठ्यांकडून ठाण्याचा किल्ला घेतला (आज तिथे मध्यवर्ती कारागृह आहे). पण जानेवारी १७७९ मध्ये वडगावला याच मुंबईच्या फौजेला शरण जावं लागलं. तिच्या मदतीला कलकत्त्याहून वॉरन हेस्टिंग्जने पाठवलेली फौज काल्पीहून निघाली होती. अर्धा हिंदुस्थान पायी तुडवून ती गॉडर्डच्या हाताखाली सुरतेला पोचली.

१७८० च्या अखेरीस गॉडर्डने वसईला वेढा घातला. वसई सोडवायला आलेल्या मराठ्यांना अडवायचं काम होतं हार्टलीकडे. त्याची फौज मुंबई सरकारची. त्याच वर्षी कल्याणच्या आसपासही तीच लढत होती. डिसेंबरमध्ये दुगाडला मराठ्यांनी तिच्यावर जोरदार हल्ला केला. त्यात सेनापती रामचंद्र गणेश पडले आणि हल्ला फसला. त्याच सुमारास वसईही गेली.

आता पदकाकडे या. त्यावर हिजरी सन ११९९ आहे, म्हणजे इसवी सन १७८४-८५. एका बाजूला ब्रिटानिया बसलेली, हातातला विजयाचा हार किल्ल्याकडे धरलेला. दुसऱ्या बाजूला फारसी मजकूर. त्याचा आशय असा, की नाणं जसं जगात चालतं तसं या वीरांचं शौर्य चालत राहो. त्यांनी इंग्रजांचं नाव बंगालपासून दख्खनपर्यंत नेलं. आकार दोन, सुमारे ४० आणि ३२ मिलिमीटर. वरच्या हुद्द्याच्या देशी अधिकाऱ्यांना सोन्याचं, बाकीच्यांना चांदीचं. दोरीत ओवून गळ्यात घालायचं. आणि गंमत म्हणजे, ते फक्त देशी शिपायांसाठी होतं, गोऱ्यांसाठी नाही.

पण कुठल्या देशी शिपायांसाठी? पदक काढलं कलकत्ता सरकारने, आपल्या बंगाल फौजेसाठी. (बंगाल फौज म्हणजे बंगाली माणसं नव्हेत; त्यात भरणा अवध-बिहारकडच्यांचा.) म्हणजे दुगाडला मार खात उभा राहिलेला मुंबई फौजेचा शिपाई या पदकाच्या हिशेबातच नव्हता. मजकुरातही प्रवास 'बंगालपासून' सुरू होतो. माझ्या मते पदक वाचताना पहिला प्रश्न हाच विचारायला हवा: पैसे कुणी दिले? पदक शौर्य मोजत नाही. कुठल्या सरकारला कुणाला खूश ठेवायचं होतं, ते सांगतं. मे १७८२ च्या सालबाईच्या तहात साष्टी इंग्रजांकडे राहिली, वसई मात्र मराठ्यांना परत गेली. पदकावरचा विजय एवढाच!

दुसरी उणीव त्याहून मोठी. दख्खन पदकावर शिपायाचं नाव नाही. त्यामुळे एखादं पदक हाती आलं तरी ते कुणाच्या गळ्यात होतं, हे त्यावरून कळायला मार्ग नाही. पहिल्या महायुद्धातल्या पदकांचं तसं नाही. त्यांच्या कडेवर (१९१४-१५ च्या स्टारवर मागच्या बाजूला) नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते.

म्हणून एक विनंती. घरातल्या जुन्या ट्रंकेत असं पदक असेल, तर भिंग घेऊन त्याची कड बघा, फोटो काढा, वाचता येईल ते उतरवून ठेवा. पण पावडर लावून घासू नका. चांदीवरचा काळा थर म्हणजे सिल्व्हर सल्फाइड. त्यातली चांदी त्या पदकाचीच असते. दर घासणीला थोडी चांदी निघून जाते, आणि कडेवरची अक्षरं पुसट होत जातात. दुगाडच्या शिपायाचं नाव कुणी कोरलंच नाही. तुमच्या पणजोबांचं कोरलंय, ते आपल्याच हाताने पुसायला नको.