एकच प्रोग्राम सगळा सीपीयू खातोय? त्याला आवर कसा घालायचा

लग्नाचा दोन तासांचा व्हिडिओ लहान करायला हँडब्रेकमध्ये टाकला, की थोड्याच वेळात लॅपटॉपचा पंखा मिक्सरसारखा ओरडू लागतो. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू १०० टक्के दिसतो. हा बिघाड नाही. असे प्रोग्राम मिळतील तेवढे कोअर वापरून काम लवकर संपवायलाच बनवलेले असतात. मात्र त्याच वेळी लॅपटॉपवर मुलांचा ऑनलाइन क्लास चालू असेल, तर आवर घालावाच लागतो. विंडोजमध्ये त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजरमधल्या 'डिटेल्स'मध्ये सगळ्यात जास्त सीपीयू खाणाऱ्या नावावर राइट क्लिक करा. तिथे 'सेट प्रायॉरिटी' आणि 'सेट ॲफिनिटी' असे दोन पर्याय दिसतील. बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो.

प्रायॉरिटी म्हणजे रांगेतली जागा. 'बिलो नॉर्मल' निवडलं, तर दुसऱ्या प्रोग्रामला सीपीयू हवा असताना हा मागे सरकतो. पण रांगेत दुसरं कोणी नसेल, तर तो पुन्हा १०० टक्के वापरतो. म्हणजे क्लास अडखळणार नाही, पण पंख्याचा आवाज तसाच राहील. (यादीतल्या 'रिअलटाइम'ला मात्र हात लावू नका, अख्खा संगणक अडकू शकतो.)

खरी मर्यादा घालते ती ॲफिनिटी. तिथे सीपीयू ०, सीपीयू १ अशी यादी येते. आठपैकी चार खुणा काढल्या, तर तो प्रोग्राम साधारण ५० टक्क्यांच्या वर जाऊच शकत नाही. उष्णता कमी होते, पण व्हिडिओ तयार व्हायला वेळ जास्त लागतो. रात्री झोपताना काम लावून देणाऱ्यांना त्याचं काय! प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडला, की दोन्ही सेटिंग पुसली जातात, हे लक्षात ठेवा.

त्रास फक्त उष्णतेचा असेल, तर आणखी एक उपाय आहे. कंट्रोल पॅनलमधल्या पॉवर ऑप्शन्सच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये 'मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट' १०० वरून ९९ टक्के करा. एका टक्क्याने काय होणार, असं वाटेल. पण इंटेलच्या बऱ्याच लॅपटॉपवर त्यामुळे टर्बो बूस्ट, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त वेगाने धावणं, बंद होतं आणि तापमान चांगलंच उतरतं. हा बदल सगळ्याच प्रोग्रामना लागू होतो. काही नव्या लॅपटॉपवर हा पर्याय दिसत नाही.

हे सगळं ओळखीच्या प्रोग्रामसाठी. काहीच उघडलेलं नसताना एखादं अनोळखी नाव सतत सीपीयू खात असेल, तर त्याच्यावर मर्यादा घालत बसू नका. तुमच्या संगणकावर गुपचूप क्रिप्टो मायनिंग करणारा मालवेअरही असाच वागतो. आधी विंडोज सिक्युरिटीमधून 'फुल स्कॅन' चालवा.