सौसर संगमरवर पट्टा

नागपूर जिल्ह्याच्या उत्तर भागात, मुख्यतः रामटेक, पारशिवनी व सावनेर तालुक्यांत आढळणारे संगमरवराचे पट्टे. ते प्रोटेरोझोइक काळातील सौसर समूहाचे घटक आहेत. मध्य प्रदेशातील पूर्वीच्या छिंदवाडा (२०२३ पासून पांढुर्णा) जिल्ह्याच्या मराठीभाषक भागातील सौसर या गावावरून समूहाला हे नाव पडले. समुद्रात साचलेला चुना व डोलोमाइट पुढे प्रचंड दाब व उष्णतेने स्फटिकमय झाला आणि त्यातल्या वाळू-मातीपासून डायॉप्साइड, ट्रेमोलाइट यांसारखी सिलिकेट खनिजे तयार झाली. थर घड्या पडून एकमेकांवर सरकले. देवलापार परिसरातील ही गुंतागुंत भूवैज्ञानिक डब्ल्यू. डी. वेस्ट यांनी १९३६ मध्ये उलगडली. भारतीय भूविज्ञानातील ते मोलाचे काम आहे. याच समूहातील मँगनीजमुळे मनसर, कांद्री, गुमगाव येथे खाणी उभ्या राहिल्या.

संगमरवर म्हटला की गुहा आठवतात. अमेरिकेतील ओरेगन केव्हज संगमरवरातच कोरल्या गेल्या आहेत. नागपूरच्या पट्ट्यात मात्र तशा नावाजलेल्या गुहा नाहीत आणि त्याचे कारण खडकातच आहे. पावसाच्या पाण्यातील कार्बोनिक आम्लात शुद्ध कॅल्साइट सहज विरघळते, या पट्ट्यातला डोलोमाइट मात्र फार सावकाश. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला तर कॅल्साइट लगेच फसफसते. डोलोमाइटाची मात्र आधी पूड करावी लागते. शिवाय संगमरवराचे थर जाड व सलग नाहीत. सुभाजा (शिस्ट) आणि कॅल्क-नाइस या खडकांमध्ये ते अडकलेले आहेत. पाणी जमिनीखाली वाट काढू लागले की न विरघळणारा खडक आडवा येतो. उघड्या पृष्ठभागावर डोलोमाइट हत्तीच्या कातडीसारखा सुरकुततो आणि सिलिकेटांचे दाणे खरखरीत वर उरतात.

तरी क्वार्ट्झाइटापेक्षा संगमरवर लवकर झिजतो, म्हणून येथे डोंगर त्याचे नाहीत. झिजेला दाद न देणारा क्वार्ट्झाइट कण्यासारखा उभा राहतो, तर संगमरवर बहुधा सखल भागात, नदी-ओढ्यांच्या पात्रात आणि शेतांच्या कडेला दिसतो. जबलपूरजवळ भेडाघाटला नर्मदेने डोलोमाइटी संगमरवर उभा कापून खोल घळ केली आहे, पण तो महाकोशल समूहाचा खडक. विदर्भाच्या पूर्वेला लवणस्तंभांची गुहा पाहायची तर बस्तरमधील कोटमसरला जावे लागते. तिथल्या काळोख्या पाण्यात डोळे खुंटलेले मासे राहतात, पण त्या गुहेचा खडक रूपांतरित न झालेली चुनखडी आहे.